आशूची मालगाडी बघायला: सातारा ते ढालगाव

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे डाळिंबाचा भाव, गावात कुणाचं लग्न ठरलं आणि तू जेवलीस का, एवढंच. त्या दिवशी ती थेट म्हणाली, "मला रेल्वेनं मिरजंला न्यायचं. आशू काय काम करती ते मला डोळ्यानं बघायचं हाय."

आशू म्हणजे माझी धाकटी बहीण अश्विनी, वय सव्वीस. दोन वर्षांपासून ती रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे. इंजिनात मुख्य चालकाच्या शेजारी बसणारी सहायक. सध्या मालगाड्यांवर असते आणि मिरजेत राहते. आमचं गाव आटपाडी तालुक्यात, जिथं रेल्वेचा रूळच नाही. आजोबांपर्यंत आमचं घर मेंढरं घेऊन फिरणारं. वडिलांनी डाळिंब लावलं आणि मेंढरं वीस-पंचवीसवर आणली. अशा घरातली पोर इंजिनात बसते याचं गावाला जेवढं नवल, तेवढंच आम्हालाही.

पण फोनमागं दुसरं कारण होतं. मामानं आशूसाठी तासगावकडचं एक स्थळ आणलं होतं. द्राक्षबागेचं घर, मुलगा शाळेत शिक्षक, माणसं बोलाचालीला चांगली. सगळं जुळत होतं, फक्त लग्नानंतर पोरीनं ही नोकरी सोडायची असं त्यांचं म्हणणं होतं. वेळ ना काळ, आज इथं उद्या तिथं, हे त्यांच्या घरात चालणार नव्हतं. आशू म्हणाली, लग्न करते, नोकरी सोडणार नाही. वडील म्हणाले, तिची आई ठरवंल. मामाला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"न बघता मी काय उत्तर देऊ?" आई म्हणाली. मी तीन दिवसांची सुट्टी काढली. सुट्टी म्हणजे काय, साताऱ्यात मोठ्या दिरांचं औषधांचं दुकान आहे, तिथं मी बसते. त्यांना सांगितलं की आईला फिरवून आणते.

आई बुधवारी दुपारी आटपाडीहून एसटीनं, दहिवडीमार्गे साताऱ्याला आली. सोबत एक पिशवी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दुसरी पिशवी डाळिंबांची. गुरुवारी सकाळी आम्ही निघालो.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सांगते, साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला बरंच लांब आहे. एसटी स्टँडवरून रिक्षा मिळते, पण सकाळी हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवा. पॅसेंजरचं तिकीट एसटीच्या मानानं फारच स्वस्त पडतं. वेळापत्रक मात्र निघण्याआधी पुन्हा बघा, गाड्यांच्या वेळा बदलत असतात.

आईनं याआधी रेल्वेत एकदाच पाय ठेवला होता, तोही माझ्या चुलतभावाला सैन्यात जाताना सोडायला. गाडी आली तेव्हा तिनं माझा दंड धरला आणि आत बसेपर्यंत सोडला नाही. खिडकीची जागा मिळाली. कोरेगाव गेलं, रहिमतपूर गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, तोडलेल्या उसाची मोकळी रानं, फाटकापाशी ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग. आमच्याकडं या दिवसांत ज्वारी हुरड्याला आलेली असते आणि पाण्याचा विचार सुरू झालेला असतो. आई त्या हिरव्याकडं बघत होती.

या गाडीला रोजची माणसं बरीच असतात. आमच्या समोरच्या बाकावर दोन शिक्षिका होत्या. एकीच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा, तारगाव येईपर्यंत तिनं निम्म्या तपासल्या. दुसरी तिला नुसती नावं वाचून दाखवत होती आणि दोघी हसत होत्या. मसूरला त्या उतरल्या आणि त्यांच्या जागी पांढरी टोपी घातलेले एक आबा येऊन बसले. मिरजेला डोळे दाखवायला निघाले होते. मिरजेला दवाखान्यासाठी जाणारं माणूस या गाडीत हमखास भेटतं.

"तुमी बी दवाखान्यालाच का?" त्यांनी आईला विचारलं.

"न्हाई. लेकीकडं."

"काय करती लेक?"

आई थांबली. मग म्हणाली, "मालगाडीच्या इंजिनात असती."

आबांनी टोपी सारखी केली. "म्हंजी असिस्टंट हाय म्हणा की." ते स्वतः गँगमन होते. रुळांची निगा राखणाऱ्या टोळीत याच मार्गावर त्यांनी नोकरी काढली होती, आता निवृत्त. "तवा एकच लाइन हुती," ते म्हणाले. "आता दोन झाल्या. वर तारबी आली."

आईनं लगेच विचारलं, "धोक्याचं काम हाय का वं?"

"हाय की," आबा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पर मावशी, तुमाला एक सांगतो. आमी रुळावर वाकून काम करायचो. ध्यान खाली. वारा उलटा असला म्हंजी गाडी ऐकू येत न्हाई. शेणोलीच्या अलीकडं एकदा मी असाच वाकलो हुतो. इंजिनातल्या माणसानं लांबनं बघितलं आन् शिटी थांबवलीच न्हाई. वाजवत ऱ्हायला, मी बाजूला हुईस्तवर. त्याचं नावबी मला ठावं न्हाई. तुमची लेक त्या जागंवर बसती."

कऱ्हाड आलं. कऱ्हाडला भेळवाला चढला, आबांनी तिघांसाठी भेळ घेतली आणि मला पैसे देऊ दिले नाहीत. शेणोलीच्या पुढं आई आपणहून बोलू लागली. लहानपणी ती बापासोबत मेंढरं घेऊन याच भागात यायची. शेतात मेंढरं बसवली की खत होतं, म्हणून इकडचे शेतकरी बोलवायचे. एकदा रूळ ओलांडताना गाडी आली आणि दोन मेंढ्या गेल्या. बापानं तिला परकराला धरून मागं ओढलं. "तवापास्नं गाडीचा आवाज आला की मी शेजारच्या माणसाला धरती," ती म्हणाली. "आन् आशूनं नेमकी हीच नोकरी धरली."

मला हे माहीतच नव्हतं. माझ्या चौतीस वर्षांत आईनं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तिला लोक काय म्हणतील याची काळजी आहे.

मिरजेला उतरलो तेव्हा दुपार होत आली होती. आबांना रिक्षात बसवलं. स्टेशनच्या बाहेर चहा घेतला आणि आशूच्या खोलीकडं चालत निघालो. ती आणि तिच्यासारखीच नोकरी करणारी एक मैत्रीण स्टेशनपासून दहा मिनिटांवर भाड्यानं राहतात. आशू पहाटे ड्यूटीवरून आली होती, तिनं झोपेतून उठून दार उघडलं. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "वाळलीस."

"आये, तू दरवेळी हेच म्हणतीस."

जेवताना आईची चौकशी सुरू झाली. कामावर जाताना काय करतात? आशूनं सांगितलं, ऑफिसातून फोन येतो, त्याला कॉल म्हणतात. कॉल आला की दोन तासांत हजर व्हायचं. सही करायची, मशीनमध्ये फुंकून दाखवायचं.

"फुकायचं कशापायी?"

"दारू प्यालोय का बघत्यात."

"पोरींनाबी?"

"पोरींनाबी."

आई हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. मग आशूनं बाकावर बसून दाखवलं, सिग्नल दिसला की कसं हात पुढं करून मोठ्यानं बोलायचं, मग चालकानं तेच परत बोलायचं. दोघांचं एक झालं तरच पुढं. मोबाइल पूर्ण बंद ठेवायचा. आईनं आवाज खाली करून विचारलं, "आन् लघवीला?" आशूही सरळ बोलली. बहुतेक इंजिनांत अजून ती सोय नाही. गाडी कुठं थांबली तर स्टेशनवर जायचं, म्हणून ड्यूटीच्या आधी पाणी बेतानं प्यायचं. नव्या इंजिनांत सोय येतेय. "सुरुवातीला मी रडले होते," ती म्हणाली. "तुमाला सांगितलं नाही, कारण तुमी लगेच परत ये म्हणाला असता."

"म्हणलीच असती," आई म्हणाली.

स्थळाचा विषय दोघींनीही काढला नाही. मी काढणार होते, पण आशूनं माझ्याकडं बघितलं आणि मी चटणीची वाटी पुढं सरकवली.

अडचण अशी होती की आईला काम बघायचं होतं आणि मालगाडीला वेळापत्रक नसतं. कॉल कधी येईल, पुण्याकडचा असेल की कुर्डुवाडीकडचा, आशूलाच माहीत नव्हतं. इंजिनात बाहेरच्या माणसाला चढता येत नाही, हे तर उघडच आहे. उरला एकच मार्ग. ती ज्या बाजूला जाईल त्या बाजूला पॅसेंजरनं जायचं आणि वाटेत कुठं दिसते का बघायचं.

शुक्रवारी सकाळी सहाच्या सुमारास कॉल आला. कुर्डुवाडीची बाजू. आमचं नशीब, कारण तो रस्ता आमच्या गावाकडचाच. आशूनं निळसर शर्ट चढवला, केस घट्ट बांधले, पाठीवर बॅग घेतली. त्यात दोन झेंडे, टॉर्च, जाडसर नियमांचं पुस्तक आणि आईनं बळंच घातलेली दोन डाळिंबं. दारातून म्हणाली, "आये, दिसलेच नाही तर वाईट वाटून घेऊ नको." आणि गेली.

आम्ही सकाळच्या पॅसेंजरची ढालगावपर्यंतची तिकिटं काढली. ढालगावहून पुढं नागज फाट्यापर्यंत वडाप मिळतं, म्हणजे माणसं भरून धावणारी जीप, आणि तिथून आटपाडीकडं एसटी. बघायला मिळो न मिळो, संध्याकाळपर्यंत घरी पोचणार होतो.

मिरजेच्या पूर्वेचा हा मार्ग मला फार आवडला. आरगपर्यंत द्राक्षबागा आणि पानमळे, मग हळूहळू झाडं कमी होत जातात, माळ दिसायला लागतो, ज्वारीची शेतं, मेंढरांचे कळप. इथून पुढं डब्यात मराठीच्या जोडीनं कानडीही कानावर पडते. गाडीला गर्दी नव्हती. आई खिडकीला नाक लावून बसली होती. आशू आमच्या पुढं निघालीय आणि पॅसेंजरला वाट द्यायला तिची गाडी कुठंतरी बाजूच्या रुळावर उभी असणार, असा आमचा हिशोब होता.

आरगला काही नाही. बेळंकीला काही नाही. सलगरेला बाजूच्या रुळावर खरंच एक मालगाडी उभी होती. आई उठून दारात गेली. इंजिन जवळ आलं. आत एक मिशीवाले गृहस्थ आणि एक तरुण मुलगा, चहा पीत. गाडीचं तोंडही मिरजेकडं होतं. आई परत येऊन बसली आणि पदर नीट केला. कवठे महांकाळला तिनं बाहेर बघितलंच नाही.

ढालगावला आम्ही उतरलो. छोटं, स्वच्छ स्टेशन, एक लिंबाचं झाड, समोर पसरलेला माळ. गाडी निघून गेली आणि एकदम शांत झालं. मी म्हटलं, "आई, चल, वडाप गाठू. पुढच्या महिन्यात परत येऊ."

"रविवारच्या पुढं काय करायचं येऊन?" ती म्हणाली आणि बाकावर बसली.

झेंडे घेऊन एक पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी, चालला होता. पस्तिशीचा असेल. आईनं त्याला हाक मारली. "आरं बाबा, मिरजंकडनं मालगाडी पुढं गेली का रं आज?"

"कशाला, मावशी?"

"माझी लेक हाय त्यात. इंजिनात."

तो थांबला. आधी त्यानं माझ्याकडं बघितलं, खरं आहे का म्हणून. मी मान हलवली. मग तो हसला आणि म्हणाला, "पुढं कशी जाईल? आजची मालगाडी अजून मागंच हाय. मिरजेतनं तुमच्या पॅसेंजरच्या मागनं सोडली. येईल आता अर्ध्या-पाऊण तासात. पर हितं थांबणार न्हाई हं, सरळ जाणार."

आम्ही सगळी वाट पुढं बघत आलो होतो आणि ती आमच्या मागून येत होती.

तो अर्धा तास आईनं पाणीही प्यायलं नाही. पॉइंट्समननं आम्हाला रुळांपासून मागं, भिंतीजवळ उभं राहायला सांगितलं. बाहेरच्या माणसानं पुढं यायचं नाही, एवढं त्यानं दोनदा बजावलं. मग स्टेशन मास्तर हिरवा झेंडा घेऊन बाहेर येऊन उभे राहिले. त्यांना त्यानं काहीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी आमच्याकडं बघून मान हलवली.

आधी दूरवर शिटी ऐकू आली, लांब. आईचा हात माझ्या दंडावर आला. मग वळणावरून इंजिन दिसलं. जवळ येताना ते मोठं होत गेलं, जमीन पायाखाली थरथरायला लागली. फलाटाच्या बाजूच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, हातात हिरवा झेंडा. आणि मग आशू दिसली. अर्धी खिडकीबाहेर, केस बांधलेले, नजर स्टेशन मास्तरांच्या झेंड्यावर. चेहरा असा की मी तो आधी कधी बघितला नव्हता. घरी ती सारखी चेष्टा करत असते. इथं तिच्या चेहऱ्यावर कामाशिवाय काही नव्हतं.

मी हात वर केला. आईनं तो खाली ओढला.

"हात नगं हालवू," ती म्हणाली. "काम करतीया ती. ध्यान मोडंल."

इंजिन समोरून गेलं. क्षणभर आशूची नजर आमच्यावरून गेली. तिनं ओळखलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं. पण झेंडा हलला नाही, हात तसाच सरळ राहिला आणि ती पुढं निघून गेली. मागून डबे येत राहिले. आई भिंतीला टेकून प्रत्येक डबा बघत होती. शेवटी गार्डचा डबा आला. त्या माणसानंही हिरवा झेंडा दाखवला आणि गाडी माळावर लहान होत गेली.

आईचे डोळे भरले होते. पॉइंट्समननं पाण्याची बाटली आणून दिली. ती घोटभर प्यायली आणि मला म्हणाली, "मामाला फोन लाव."

मी म्हटलं, "घरी जाऊन करू की. आज शुक्रवारच आहे."

"लाव."

फोन लावून दिला. मामानं कशी आहेस विचारलं असावं, तिनं ते ऐकून घेतलं नाही. "दादा, त्या लोकास्नी सांग. पोरगी नोकरी सोडणार न्हाई. व्हय, मीच सांगती. न्हाई, तिनं शिकवलं न्हाई मला. मी बघून आली. आन् हे बघ, राग नगं त्यांचा. पोराला एवढं म्हणावं, मिरजंला ये, तिला भेट, ती काय करती ते बघ. मग न्हाई म्हणायचं तर म्हण." पलीकडून बराच वेळ मामा बोलत होता. आई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "स्थळ गेलं तर जाऊ दे, दादा."

वडापमध्ये आम्ही मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. पायात कुणाची तरी कोंबडीची पाटी. नागज फाटा जवळ आला तशी आईनं पिशवी मांडीवर घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या येळंला मी असं बघाय आली न्हाई."

मी बी. फार्म. झाल्यावर बारामतीजवळच्या एका कंपनीत औषधं तपासायच्या विभागात होते. दीड वर्ष. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी तेच म्हटलं होतं आणि आईनं मला सांगितलं होतं, सोड. मी सोडली. सासर चांगलं आहे, नवरा चांगला आहे, माझी तक्रार नाही. मी म्हटलं, "त्याला दहा वर्षं झाली, आई."

"झाली," ती म्हणाली. "पर बघाय आली न्हाई, ते खरं हाय."

तिनं माझा हात हातात घेतला आणि एसटी येईपर्यंत धरून ठेवला.

घरी वडील फवारणी करून नुकतेच आले होते. आईनं त्यांना सगळं सांगितलं, सिग्नल दिसल्यावर कसं हात करून बोलायचं तेही करून दाखवलं. ते चहा पीत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग मला का नेलं न्हाई?" आणि आई म्हणाली, "मेंढरांचं कोण बघणार हुतं?" शनिवारी मी एसटीनं साताऱ्याला परतले.

कुणाला हा प्रवास करायचा असेल तर जरूर करा. दोन दिवसांत होतो. थंडीत जा, सोबत डबा घ्या, मिरजेत मुक्काम करा आणि कुर्डुवाडीच्या मार्गावर सकाळी बसा. ढालगावला उतरलात तर लिंबाखालच्या बाकावर थोडं थांबा. बघण्यासारखं तिथं फारसं काही नाही, पण गाड्या बघायला बरं पडतं.

माझ्यासाठी मागं काय उरलं, ते मी बरेच दिवस ठरवू शकले नाही. दुकानात बसलं की आशूची ती झेंड्यावरची नजर आठवते. मग एका रात्री जेवणानंतर मी नवऱ्याला म्हटलं, एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात जागा निघालीय, अर्ज करू का? तो म्हणाला, कर की, दुकानाचं दादाशी मी बोलतो. अर्ज पाठवलाय. अजून उत्तर नाही.

आणि तासगावचं स्थळ. मुलाच्या घरचे नाही म्हणाले. पण दोन आठवड्यांनी त्या मुलानं स्वतः आशूला फोन केला आणि एका रविवारी मिरजेला आला. ती नेमकी ड्यूटीवर होती, त्याला परत जावं लागलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी भेट झाली. दोघं स्टेशनसमोर चहा प्यायले, दीड तास बोलले. घरच्यांना समजवायला वेळ लागेल, असं तो म्हणाला. आशू म्हणाली, घे वेळ.

मी हे आईला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्याला स्वैपाक येतो का?"

मी आशूला विचारलं. आशूनं त्याला विचारलं. उत्तर आलं, भात आणि आमटी येते.

"ठीक हाय," आई म्हणाली. "भाकरी शिकंल."